टॅरोचे पत्ते, टेकडी आणि माझ्या देव्या (रंग उडताहेत, मदत हवी)

रानतेरडा

बरेच दिवस लिहू की नको करत होते, कारण इथे टॅरो शब्द काढला की काय होतं ते मला माहितीये. तरी लिहितेच. आधीच सांगते, मी भविष्य बघत नाही, कुणाला बघून देत नाही, लग्न कधी जमेल हे विचारायचं असेल त्यांनी प्लीज पुढच्या धाग्यावर जा.

तर झालं असं की मी रोज पहाटे वेताळ टेकडी चढणाऱ्या जमातीतली. म्हणजे होते. मनगटावर घड्याळ, दहा हजार पावलं, खाणीपाशी पोचलं की वेळ बघायची आणि उतरायचं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, सहा महिने चढणं बंद, नंतर डॉक्टर म्हणाले जा पण मध्ये मध्ये बसा. मग बसायला लागले. जिथे बसायचे तिथे एक शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देवीचा दगड आहे, नाक नाही डोळे नाहीत, कुणीतरी कधीतरी दोन जास्वंदी ठेवून जातं. इतकी वर्षं त्याच्या शेजारून गेले असेन पण दिसला नव्हता. वही नेली, काढायला लागले. चित्रकलेत मी एलिमेंटरी पास, इंटरमिजिएटला दांडी, एवढंच क्वालिफिकेशन.

त्याच सुमारास मैत्रिणीनं वाढदिवसाला टॅरोचा डेक दिला. सगळीकडे दिसतो तोच, १९०९ सालचा लंडनचा. नावात प्रकाशक रायडर आहे, कल्पना ज्याची तो वेट आहे, आणि चित्रं जिनं काढली ती पामेला कोलमन स्मिथ नावातच नाही! बाईनं काही महिन्यांत ७८ पत्ते काढून दिले आणि काम मोठं, पैसे अगदीच थोडे असं स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. पत्त्यांच्या कोपऱ्यात तिची बारीक नागमोडी सही आहे तेवढीच. १९५१ ला गेली, डोक्यावर कर्ज होतं म्हणतात. हे वाचल्यावर मी तो डेक भविष्याचा म्हणून बघूच शकले नाही, एका बाईनं रात्रंदिवस केलेलं काम म्हणून बघायला लागले.

चित्रं आवडली पण सगळं परकं. हर्मिट बर्फात कंदील घेऊन उभा. एम्प्रेसच्या पायाशी गव्हाचं शेत. तिच्या झग्यावर डाळिंबं आहेत तेवढीच ओळखीची, सांगोल्याची म्हणून खपतील. मग ठरवलं आपले आपण काढायचे. मेजर अर्कानाचे, म्हणजे टॅरोतले मुख्य २२ पत्ते, प्रत्येक पत्त्याला आपल्या इथली एक देवी किंवा झाड किंवा जागा, आणि रंग पण शक्यतो इथलेच.

एम्प्रेस म्हणजे शाकंभरी, हे ठरवायला दोन सेकंद लागले नाहीत. पौषात रोज सकाळी मंडईत जाऊन बसले, भाजीवाल्या मावशींना वाटलं मी महानगरपालिकेची. स्टार म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवता, मूळ पत्त्यात बाई दोन घागरींनी पाणी ओतते, माझ्यात सातजणी. हँग्ड मॅनसाठी वटवाघूळ, इतक्या शांतपणे उलटं लटकणारं दुसरं कोण आहे. सन रथसप्तमीला काढला, उतू गेलेल्या दुधासकट. टॉवर म्हणजे पानशेत, १२ जुलै १९६१. आमच्या सासरच्या नारायण पेठेतल्या वाड्यात जिन्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, वाडा पाडेपर्यंत कुणी तिच्यावर चुना मारला नाही. तो पत्ता मुठेच्या गाळानंच रंगवलाय, वास अजून येतो.

आणि डेथ म्हणजे तेरडा. पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा मला काढायचाच नव्हता. माहेरी तेरड्याच्या गौरी. पहिल्या दिवशी मुळासकट आणायच्या, दुसऱ्या दिवशी जेवू घालायचं, तिसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला सोडायला जायचो. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण लोकांना टोमणा म्हणून मारतो, पण तिसऱ्या दिवशीचा तेरडा नीट बघितलाय का कुणी? मान टाकलेली असते, पाकळ्या चोळामोळा, आणि खालच्या पिकल्या बोंडाला बोट लावलं की फटकन फुटून बी उडतं. मी ते बोंड काढलं, फुटताना.

पद्धत म्हणजे काय तर दर अमावास्येला नवा कागद (शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, जाडा). पहिला आठवडा काढायचं नाही, नुसतं त्या जागी जाऊन बसायचं. मग वहीत रफ. रंग जमिनीवर पडलेल्या गोष्टींचा किंवा घरातल्या डब्यातला, झाडावरचं तोडायचं नाही. क्रमानं करत नाही, तेरडा भाद्रपदातच भेटणार, पळस होळीच्या आधीच. १३ पत्ते झालेत. याला साधना म्हणायचं का ते मला माहीत नाही पण पूर्वी मी पूजा करताना घड्याळाकडे बघायचे आणि आता बघत नाही.

आता अडचण. शाकंभरीचा सगळा पिवळा हळदीचा होता, पूर्वेच्या खिडकीसमोर लावलेला, तीन महिन्यांत मळक्या पांढऱ्यावर आला. पळसाचा केशरी पण चाललाय. त्यात डिंकात मध घातला होता (व्हिडिओत बघून), तर मुंग्यांनी एका आसरेचा पाय खाल्ला. वरून मारायचा कुठला स्प्रे मिळतो का? की काही दुसरा उपाय आहे?

पॉपकॉर्न_वाला

जागा धरून ठेवतो. टॅरो + देवी + पुणे, शंभरी नक्की.

शनिवारी_सुट्टी

लिहिलंय छान, ते आधी मान्य करतो. पण ताई तुम्ही सुरुवातीला म्हणता भविष्य बघत नाही आणि धाग्याच्या नावात टॅरो. मग नुसती निसर्गचित्रं म्हणा की. टॅरो म्हटलं की त्याच्या मागून दहा जण दुकान मांडून येतात. मी रोज ओंकारेश्वराशेजारच्या पुलावरून ऑफिसला जातो, २०१३ ला तिथे दाभोलकरांचं काय झालं ते या गावात कुणाला सांगायला नको. त्यामुळे या शब्दांशी माझं जरा वाकडं आहे. अंगावर येतोय असं समजू नका, हलके घ्या.

रानतेरडा

शनिवारी_सुट्टी, नाही समजत. त्या पुलावरून मी पण जाते.

टॅरो शब्द मी का सोडत नाही ते सांगते. नुसतं निसर्गचित्र म्हटलं तर मी पळस काढला असता, गुलमोहोर काढला असता, सुंदर सुंदर. डेकमध्ये टॉवर आहे, डेथ आहे, डेव्हिल आहे, ते सोडता येत नाहीत. ती यादी मला जिथे बसायचं नाही तिथे बसवते. डेव्हिलसाठी मी महिनाभर नाल्यातल्या जलपर्णीसमोर बसले होते, नाकाला रुमाल लावून. फुलं काय सुंदर असतात हो तिची.

टायट्रेशन

रंगाबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो, पेशानं केमिस्ट.

स्प्रेनं काही होणार नाही, पैसे घालवू नका. हळदीतलं करक्यूमिन उजेडात मोडतं. ते जांभळा-निळा उजेडच शोषतं, म्हणजे साधा दिसणारा उजेडच त्याला पुरतो, त्यामुळे महागाची यूव्ही काच लावली तरी फारसा फरक नाही. पळस, पारिजातकाचे देठ, जास्वंद, बीट सगळे त्याच माळेचे मणी. बीट तर सगळ्यात वाईट, आठवड्यात तपकिरी.

टिकणारे कोण? गेरू. ते लोहाचं ऑक्साईड आहे, भीमबेटकाच्या गुहांत तेच आहे आणि अजून आहे. काजळी, म्हणजे शुद्ध कार्बन. खडू, चुना. खरी नीळ बऱ्यापैकी टिकते, पण खरी, कपड्यांना घालायच्या बाटलीतली नव्हे. हिरड्याचं पाणी आणि लोखंडाचा कीस यांची शाई झकास काळी होते पण जास्त झाली तर वर्षानुवर्षात कागद खाते, जपून.

पळस सोडायचाच नसेल तर साका बसवून बघा. फुलं उकळून गाळा, त्यात तुरटी विरघळवा, मग धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फसफसून वर येतं, मोठं पातेलं घ्या. रंग खाली बसतो, तो गाळून वाळवून डिंकात खला. नुसत्या पाण्यापेक्षा जास्त टिकेल, कायमचा नाही. मुंग्यांसाठी मध बंद आणि डिंकात लवंगेच्या तेलाचा एक थेंब. जुन्या खळीत मोरचूद घालायचे ते करू नका, विषारी आहे.

मालवणी_मसाला

वा, वाचनखूण साठवली!

रानतेरडा, पत्ते परके कशाला मानता, आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा आहे की. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेचे १२०, म्हणजे दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. चिंचोक्याच्या खळीवर तयार केलेले, वर लाखेचा थर. आमच्या आजोळी एक फुटका सेट होता, मत्स्याचे दोन पत्ते गायब, तरी आजोबा खेळायचे. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. हरलं की आजोबा म्हणायचे नरसिंहानं फसवला, जणू काय तो समोर बसलाय.

आणि गंमत म्हणजे तुमचा टॅरो पण मूळचा खेळच. पंधराव्या शतकात इटलीत लोक त्यानं डाव मांडायचे, भविष्य वगैरे त्यात अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आलं. म्हणजे पहिली तीनशे-साडेतीनशे वर्षं ते बिचारे पत्तेच होते. शनिवारी_सुट्टी, तुमच्यासाठी चांगली बातमी.

ते चिंचोक्याच्या खळीचं मनावर घ्या, मुंग्या कमी लागतात. कसर लागते मात्र :)

नित्यपूजा

मला हा प्रकार पटलेला नाही, स्पष्टच सांगते. शाकंभरीला एम्प्रेस म्हणायचं, आसरांना स्टार म्हणायचं, देव्या कमी पडल्या का की त्यांना परदेशी पत्त्यांत बसवायचं? आसरा काय सजावटीच्या नाहीत. आमच्या गावाकडे विहिरीवर आसरा असल्या तर दुपारच्या वेळी बायका तिकडे फिरकत नाहीत. ओटी भरतात, दहीभात ठेवतात, मागे वळून न बघता येतात. तुम्ही त्यांचं चित्र काढून भिंतीवर लावलंत आणि म्हणताय मुंग्यांनी पाय खाल्ला, मुंग्यांनीच खाल्ला कशावरून?

पॉपकॉर्न_वाला

आलं आलं आलं

रानतेरडा

नित्यपूजा ताई, हसणार नाही कारण त्या दिवशी माझ्या पण मनात एक क्षण तेच आलं होतं. मुंग्यांची रांग डब्यापर्यंत मोजली आणि मग बरं वाटलं.

देवीला पत्त्यात बसवलं असं मला वाटत नाही, पण तुम्हाला तसं दिसलं हे मी डोक्यात ठेवते. आपल्याकडे देवी कशात बसत नाही हो? कोकणस्थांच्या गौरी पाणवठ्यावरचे पाच-सात खडे असतात. हरतालिका वाळूची. हादग्याला पाटावर हत्ती काढला की झालं. माझ्या जाऊबाई गौरीचे खडे सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या कडेचे आणतात, एक शब्द न बोलता, वॉचमनला खुणेनं सांगून. देवी येते.

आसरांचं दुपारचं मला माहीत नव्हतं. मी नेमकी दुपारी बसायचे.

डहाणू_लोकल

तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोबद्दल. शाकंभरीच्या भोवती तुम्ही जी चौकट काढलीय ती आमचा, वारल्यांचा चौक आहे. लग्नचौक. कॅलेंडर, कप, उशांचे अभ्रे सगळीकडे छापतात म्हणून तुम्हाला ती बॉर्डर वाटली असेल, तुमची चूक आहे असं नाही म्हणत, पण सांगायला हवं.

चौक लग्नात घरातल्या भिंतीवर काढतात, शेण-मातीनं सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं. सवाशिणी काढतात. मध्ये पालघट देवी बसते, झाडापाल्याची, पिकाची, पोराबाळांची. शेजारी छोटा देवचौक असतो त्यात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणत देवांना बोलावते. चौक नाही तर लग्न नाही. आत कुणी नसताना नुसती चौकट काढणं म्हणजे तुमच्या देवघरातला चौरंग उचलून टीपॉय म्हणून वापरण्यासारखं आहे.

जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात कागदावर वारली चित्रं आणली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांच्यामुळे घरोघरी पोरं चित्रं काढायला लागली, पोट भरायला लागली, ते चांगलंच झालं. विकायला काढलेलं चित्र वेगळं आणि लग्नातला चौक वेगळा, एवढंच म्हणणं. मी स्वतः पुण्यात आयटीत आहे, मला गेरू दिलेली भिंत काढायला कुणी सांगितलं तर येणार नाही, पण माझ्या आत्याला येतं.

रानतेरडा

डहाणू_लोकल, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहावं कळेना.

मला माहीत नव्हतं हे खरं, पण ती अर्धीच गोष्ट आहे. चौकट काढताना मला माहीत होतं की ही माझी नाही, कुठल्या तरी कपावरून हाताला लागलीय. बाकी प्रत्येक गोष्टीसाठी मी महिना महिना बसले, चौकटीसाठी एक दुपार. सोपी होती, छान दिसत होती, कागदाच्या कडा भरत होत्या. ज्या कामाला मी सावकाशीचं काम म्हणून मिरवतेय त्यात नेमकी तिथे घाई केली.

आता हळद उडालीच आहे, तर शाकंभरी नवी काढते, येत्या पौषात. कडेला मंडईतल्या टोपल्या घेईन, त्या मी बघितल्यात. जुनी फाडत नाही, तुमचं लिहिलेलं तिच्या मागे चिकटवून ठेवलंय. चालेल ना?

डहाणू_लोकल

चालेल. आत्याला फोटो दाखवला. ती म्हणाली बाईनं वांगं चांगलं काढलंय.

कुसळं_सॉक्समध्ये

एक सूचना, टेकडीवाल्यांपैकी कुणी हे वाचून देवराईत रंग गोळा करायला जाईल म्हणून. मावळातल्या, भीमाशंकरच्या बाजूच्या देवरायांत पडलेलं पान, वाळकी काटकी पण उचलत नाहीत. तो देवीचा माल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या राया हिंडून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हापासून अभ्यासकांचं लक्ष गेलं, पण राखल्या गावातल्या लोकांनीच, वाघजाईच्या नाहीतर काळूबाईच्या धाकानं. पवनेच्या बाजूला आजिवलीची राई बघा, भेरली माडांचं रान आहे, वाघजाईचं. तुमचा स्ट्रेंग्थचा पत्ता (मूळ चित्रात सिंह आहे तो) राहिला असेल तर तिथे आयती आहे, सिंह नको नि काही नको. बसा, काढा, रंगाला घरचा गेरू न्या.

अवांतर: इतिहासकार दा. ध. कोसंबी भांडारकर रस्त्यावर राहायचे आणि याच टेकड्यांवर हिंडून बोटाच्या पेराएवढी गारेची हत्यारं वेचायचे. त्यांचं म्हणणं की देवीची ठाणी बऱ्याचदा जुन्या पायवाटा जिथे मिळतात तिथे असतात आणि त्या वाटा शेतीच्याही आधीच्या, कळप घेऊन हिंडणाऱ्यांच्या. त्यामुळे तुमचा तो शेंदरी दगड नेमका चढाच्या मध्यावर, दम लागतो तिथेच का, याचा विचार करा. गुडघा तुमचाच दुखत नसेल.

अति अवांतर: टेकडीवर जिकडे तिकडे गिरिपुष्प लावून ठेवलंय, उंदीरमारी. मेक्सिकोकडचं झाड. ते कुठल्या पत्त्यात घेणार?

रानतेरडा

गिरिपुष्प फूलमध्ये घेतलंय! द फूल, मूर्ख या अर्थी. आपल्या भाषेत वाचलं तर पत्ता नंबर शून्य आपोआप फूलच होतो, आणि फेब्रुवारीत ते पानं टाकून असं काही गुलाबी होतं की आपण कुठून आलो, इथे आपलं काय काम, याची त्याला फिकीरच नाही.

शनिवारी_सुट्टी

मी अजून इथेच आहे. गंजिफावाल्यांचं पटलं, खेळ म्हणून माझी हरकत नाही. पण एक प्रश्न उरतो, त्याचं सरळ उत्तर द्या. रोज सकाळी तुम्ही स्वतःसाठी पत्ता काढता का? आणि काढलात की दिवस तसा जातो असं वाटतं का?

१९४८ साली फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं वर्गातल्या प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि किती जुळतं ते विचारलं. पोरांनी सरासरी ५ पैकी ४.२६ मार्क दिले. सगळ्यांना एकच कागद दिला होता, मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तुम्ही हुशार आहात म्हणून तुम्हाला लागू नाही असं नसतं, मला पण लागू आहे.

रानतेरडा

हो, काढते. कधी कधी. सरळ उत्तर मागितलंत म्हणून देते, वाटतं पण. गेल्या महिन्यात टॉवर आला आणि संध्याकाळी गीझर फुटला, मी कोरड्या जागी उभी राहून हसत होते आणि नवरा बादल्या लावत होता. आणि हे पण खरं की टॉवर आधी तीनदा आलाय आणि काहीही फुटलेलं नाही, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला आत्ता सांगतेय.

पत्ता आला की मी त्या झाडाकडे जाते एवढंच ठरलेलं आहे. आसरा आल्या तर विहीर नाहीतर निदान खडकवासल्याचं पाणी. बाकी डोकं त्याचं त्याचं चालू असतं, त्याला मी काय करू.

शनिवारी_सुट्टी

तीनदाचं सांगितलंत ते आवडलं. मग रंगांचं पण तसंच करा की, अंदाजे का बोलायचं? सगळ्या रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाका आणि खिडकीत ठेवा. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढा.

बाकी हळदीला चुना लागला की लाल होते हे तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या लाईनीत चुना लावणारे पुष्कळ भेटतील.

टायट्रेशन

चुन्यावरचा विनोद आवडला. पट्ट्यांना अनुमोदन. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा.

आजी_ऑनलाईन

मी इथे वाचनमात्र असते, नातीनं टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

बाई, तुम्ही ते नशिबाच्या चाकाचं काही लिहिलं नाहीत. नातीनं मला मूळ पत्ता मोबाईलवर दाखवला, चाक आहे, वर काहीबाही जनावरं बसलीत. आमच्यात नशीब चाकावर नसतं. बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर लिहिते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवायची, पेन चालतं आता. माझ्या धाकट्या भावाच्या पाचवीला मी आठ वर्षांची होते, आम्ही रास्ता पेठेत राहायचो. रात्रभर जागी, की सटवाई दिसेल. कधीतरी डोळा लागला. पहाटे उठून धावत गेले तर कागदावर एक पिवळं बोट उमटलेलं! मी घर डोक्यावर घेतलं. आई हसायला लागली, म्हणाली आजीचं असेल, बाळंतिणीला हळद लावत होती रात्री, कागद सरकवला असेल. आजी म्हणाली मी नाही बाई कागदाला हात लावला.

भाऊ ७१ वर्षांचा होऊन मागच्या वर्षी गेला. त्याच्या कपाळी काय लिहिलं होतं ते सगळं आता वाचून झालं म्हणायचं. तो कागद कुठे गेला कुणास ठाऊक, आणि असता तरी तुमचे केमिस्ट म्हणतात तसं बोट उडून गेलंच असतं.

पॉपकॉर्न_वाला

आजी, तुम्ही वेगळा धागा काढा. मनापासून सांगतोय.

मालवणी_मसाला

+१

रानतेरडा

अपडेट. तीन आठवडे आणि वर दोन दिवस झाले, पुठ्ठा काढला.

गेरू, काजळी: झाकलेलं कुठलं आणि उघडं कुठलं ओळखता येत नाही. मुठेचा गाळ पण जसाच्या तसा, त्याचं मला उगाच कौतुक वाटलं. नीळ किंचित फिकी. पळसाचा साका (पातेलं उतू गेलं, ओटा अजून केशरी आहे) साधारण निम्मा राहिलाय. नुसतं पळसाचं पाणी गेलं. बीट चौथ्या दिवशीच चहासारखं झालं. जास्वंद राखाडी. हळद झाकलेल्या भागात लखलखीत पिवळी आणि उघडी बाजू म्हणजे जुन्या रुमालाची घडी.

त्यामुळे आता मुख्य रेषा सगळ्या गेरू आणि काजळीत, हातानं पुन्हा गिरवायला घेतल्यात. पिवळ्या आणि केशरीचं ठरवलंय की ते उडणारच, दरवर्षी ज्याचा त्याचा महिना आला की पुन्हा भरायचे. तेरड्याचा गुलाबी आत्ताच मातकट झालाय, त्याला भाद्रपदापर्यंत थांबावं लागेल. गुडघा धड असेपर्यंत जमेल. बाकी वर्षभर डेक हळदीच्या डब्याशेजारी अंधारात, मुंग्यांपासून लांब.

आजी, नशिबाचं चाक मी सात महिने टाळत होते कारण सुचत नव्हतं. काल अमावास्या होती. कोरा कागद पाटावर ठेवला, शेजारी शाईचं पेन, आणि सकाळी हळदीचं एक बोट उमटवलं, माझंच. बाकी काही काढणार नाही. तो पत्ता मात्र डब्यात नाही ठेवलेला, पूर्वेच्या खिडकीतच लावलाय.

आजी_ऑनलाईन

कुठलं बोट?

रानतेरडा

करंगळीशेजारचं. का हो?

आजी_ऑनलाईन

काही नाही. तेच होतं.

शनिवारी_सुट्टी

फोररबद्दल मी परत लिहिणार नाहीये, काळजी नसावी. पट्ट्यांचा फोटो टाका, झाकलेल्या आणि उघड्या दोन्ही बाजूंचा. आणि तारीख लिहा त्यावर.

कोथरूड_डेपो

उशिरा वाचतोय, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी गेरू हवा होता, बाजारातून डबीतला आणला तर हात धुतले तरी आठवडाभर लालच. रानतेरडा तुम्ही कुठून घेता?

रानतेरडा

डबीतला नको, बऱ्याचदा त्यात रंग मिसळलेला असतो. मी कसब्याच्या बाजूला कुंभारवाड्यात जाऊन खडे आणते, कुंड्यांना लावायला ठेवतात ते. घरी आणलं की काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक तुकडा कुटून टाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी लाल सगळं तळाला बसून वर पाणी नितळ दिसलं तर गेरू. पाणी गुलाबी राहिलं तर परत करा, आणि मुलीला पाठवा परत करायला, माझ्याशी तो कुंभार भाव करत नाही.